‘अहो, गंमत केली!’ म्हटल्यावर काय करायचं

जेवणं आटोपून बडीशेपेची वाटी फिरू लागली की घरातले काका एखादा विनोद काढतात. सरदारजीचा, बायकोचा, भैयाचा, नाहीतर ‘आनी-पानी’ बोलणाऱ्या खेडवळ माणसाचा. सगळे हसतात. कुणी कपाळाला आठी घातली तर उत्तर तयारच असतं, ‘अहो, गंमत केली!’ ही गंमत आतून कशी चालते आणि आपल्याला तिच्यात नेमका कुठे हात घालता येतो, ते एकेक टप्पा घेऊन पाहू.

आधी पूर्वग्रह म्हणजे काय, ते साध्या भाषेत. माणूस भेटायच्या आतच त्याच्या जातीवरून, गावावरून, रंगावरून किंवा आडनावावरून आपण त्याच्याबद्दल जे ठरवून टाकलेलं असतं, तो पूर्वग्रह. तो बाळगायला मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. नुसत्या सवयीवर तो वर्षानुवर्षं टिकतो.

पहिली पायरी ओळखण्याची, आणि घोळ इथूनच सुरू होतो. प्रत्येक थट्टा पूर्वग्रहाची नसते. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकरांची यथेच्छ फिरकी घेतली आणि त्यावर पुणेकरही हसले. पुणेकर दुपारी झोपतो, या कारणावरून त्याला कुणी भाड्याने घर नाकारत नाही. म्हणून विनोद ऐकल्यावर आपण मनाशी एक प्रश्न विचारावा: ज्याच्यावर हसलो, त्याच्यासाठी याच कारणावरून बाहेर कुठलं दार बंद होतं का? होत असेल, तर ती थट्टा वेगळ्या जातीची.

सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये अशीच एक रेघ आखून दिली. ‘आँख मिचोली’ या चित्रपटावरच्या खटल्यात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अपंगत्वावरच्या विनोदाचे दोन प्रकार केले. एक प्रकार अपंग माणसाला कमी लेखतो. दुसरा अपंगत्वाबद्दलच्या आपल्या भाबड्या समजुतींना धक्का देतो. विषय दोन्हींचा एकच. फरक पडतो तो हसू कुणाच्या अंगावर येतं याने.

आता विनोदाची यंत्रणा. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली विनोदावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने म्हटलं की टोमणा असलेल्या विनोदाला तीन माणसं लागतात: सांगणारा, ज्याच्यावर सांगितला जातो तो, आणि ऐकणारा. दुसरा बहुधा तिथे हजरच नसतो. तिसरा हसला की विनोद पुरा होतो. म्हणजे काकांच्या विनोदात आपण प्रेक्षक नसतो, भागीदार असतो. ऐकायला हे जड वाटेल, पण हीच जागा आपल्या उपयोगाची आहे.

मग हसण्याने बिघडतं काय? टॉमस फोर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर यावर बरेच प्रयोग केले. २००८ साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगांत ज्या पुरुषांच्या मनात स्त्रियांबद्दल आधीच अढी होती, ते बायकांवरचे विनोद ऐकल्यावर स्त्रियांच्या संस्थेला कमी पैसे द्यायला तयार झाले. ज्यांच्या मनात अढी नव्हती, त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. विनोद नवा पूर्वग्रह पेरतो असं नाही. ज्याच्याकडे तो आहे, त्याला ‘इथे हे चालतं’ एवढी परवानगी देतो. ‘मी हसलो, पण मी कुठे भेदभाव करतो?’ हे आपल्यापुरतं खरं असू शकतं. शेजारच्या खुर्चीवर हसणारा उद्या कुणाची मुलाखत घेणार आहे, हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

पुढचा टप्पा पिढ्यांचा, आणि इथे थोडं थांबायला हवं. अंघोळ न केलेल्या नातवाला आजी सहज म्हणून जाते, ‘अगदी पारधी दिसतोयस.’ हे तिला कुणी शिकवलं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. त्या कायद्याने पारध्यांसारख्या काही जमातींची माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. त्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. सोलापुरात तर त्यांच्यासाठी कुंपणातली वसाहत होती. तो कायदा देशभरातून रद्द झाला १९५२ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे १९४० साली जन्मलेली आजी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिच्या लहानपणी खुद्द सरकारच तिला सांगत होतं की ही माणसं चोर आहेत. कायदा गेला, बोलणं राहिलं. आजीला दुष्ट ठरवण्याआधी हा हिशेब मांडावा.

पण म्हणून तरुण मंडळींनी हात झटकू नयेत. आजीला टोकणारी नात कॉलेजात नव्या मुलाला हसत विचारते, ‘काय रे, कोट्यातून का?’ किंवा मैत्रिणीला म्हणते, ‘तू त्यातली वाटत नाहीस हं!’ आणि तिला ही चक्क स्तुती वाटते. माझं मत विचाराल तर हे आजीच्या वाक्यापेक्षा जास्त लागतं, कारण ते तोंडावर म्हटलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला वर हसावंही लागतं.

आता प्रत्यक्ष कृती. विनोद संपला की पहिलं काम म्हणजे न हसणं. एवढंच. तेही अवघड जातं, कारण आपला चेहरा सवयीने हसतो. त्यानंतर शांतपणे म्हणावं, ‘काका, मला कळला नाही. यात गंमत काय होती?’ विनोद समजावून सांगायचा तर त्यातली न बोललेली समजूत बोलून दाखवावी लागते, आणि ती बोलताना सांगणारा अडखळतो. हा प्रश्न फसतो तो स्वरामुळे. उपहासाने विचारला की काका विनोद विसरतात आणि आपला उद्धटपणा तेवढा लक्षात ठेवतात.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांसमोर व्याख्यान. व्याही, सुना, जावई बसलेले असताना वडीलधाऱ्यांना टोकलं की प्रश्न मानाचा होतो आणि अख्खं घर त्यांच्या बाजूने उभं राहतं. वडिलांशी, काकांशी, आत्याशी नंतर एकट्याने बोलावं आणि नेमकं बोलावं: ‘काका, तुम्ही तो भैयाचा विनोद सांगितलात तेव्हा वॉचमनचा मुलगा तिथेच पाणी वाढत होता.’ काका घाटावरून मुंबईला नोकरीला आले असतील, तर ‘घाटी’ हा शब्द त्यांनीही ऐकलेला असतो. गोव्यात तो अजूनही ऐकायला मिळतो. त्याची आठवण काढली की पुढचं फार समजवावं लागत नाही.

ज्याच्यावर विनोद झाला तो माणूस समोर असेल, तर त्याच्याकडे वळून ‘तुला काही वाटलं नाही ना?’ असं कधीही विचारू नये. चांगल्या मनाची माणसं नेमकी हीच चूक करतात. त्या बिचाऱ्याला ‘छे छे’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. तिथे विषय बदलावा आणि नंतर एकटा भेटला की चौकशी करावी.

व्हॉट्सॲपवर ग्रुपात वाद घालू नये, पाठवणाऱ्याला वेगळा निरोप द्यावा. हसरा इमोजी टाकला तर तेही हसणंच, हे ध्यानात असू द्यावं.

लगेच मन बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये. सुरुवातीला ‘तू फार सिरियस झालीस’ ऐकावं लागतं. कालांतराने तो विनोद आपल्यासमोर बंद होतो आणि आपल्यामागे चालू राहतो. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे.

कायद्याकडून इथे फार मदत नाही. सरदारजींवरच्या विनोदांना बंदी घालावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती. नागरिकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं २०१७ मध्ये सांगण्यात आलं. पण चारचौघांत, अपमान करण्याच्या हेतूने दलित किंवा आदिवासी माणसाला जातीवरून हिणवलं तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. अपंग व्यक्तीच्या बाबतीत २०१६ च्या कायद्यातलं ९२ वं कलम आहे. ऑफिसात किंवा सोसायटीच्या सभेत असं काही घडलं, तर कोण काय बोललं, केव्हा बोललं आणि तिथे कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवावं.