चावी मिळाली, शहर मिळालं!

पुण्यात नव्याने आलेल्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. कुठली? राहतेस कुठे? आणि... गाडी आहे ना?

पहिल्या प्रश्नाला माझी नेहमी गंमत होते. मी म्हणते ‘हिंगणी’, समोरचा ऐकतो ‘हिंगणे’, आणि मग कर्वेनगरच्या गप्पा सुरू! कोणी जरा जाणकार निघाला तर ‘हिंगणघाट का?’ असं विचारतो. नाही हो, हिंगणीच. वर्धा जिल्हा, सेलू तालुका, बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. 2014 मध्ये बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून निदान वाघ बघायला येणाऱ्यांना तरी आमचं नाव माहीत झालंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भाडेकरारानुसार दर 11 महिन्यांनी बदलायचं. आणि तिसऱ्याचं? बरीच वर्षं एकच : ‘नाही ना यार!’

आमच्या घरी ‘गाडी’ म्हणजे बाबांची मोटरसायकल. ती चालवायचे बाबा, पुढे दादा. मी आणि आई मागच्या सीटवर. सेलूला कॉलेजला जायचं तर एसटी, ती चुकली तर काळीपिवळी. वाट बघणं हा दिवसाचाच एक भाग होता आणि त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पुण्यात मात्र वाटायला लागलं!

परत कशी येणार?

मी फ्रीलान्स पत्रकार. आज कोथरूडला मुलाखत, उद्या हडपसरला, परवा रात्री भरत नाट्य मंदिरात प्रयोग. दिवसा फारसं अडत नाही. बस आहे, रिक्षा आहे, 2022 पासून मेट्रोही आहे. प्रश्न असतो रात्रीचा. साडेनऊचा प्रयोग संपणार साडेबाराला, त्यानंतर कलाकारांशी बोलायचं, मग घर. असं काम आलं की संपादक मानधनाचं बोलायच्या आधी माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू व्हायचा, परत कशी येणार?

‘मला सोडशील का रे?’ हे वाक्य मित्राला पहिल्यांदा म्हणताना काही वाटत नाही. दहाव्यांदा म्हणताना आपणच आपल्याला नकोसे होतो. मग आपण काम घेताना जाण्याचा नाही, तर परतीचा रस्ता बघून घ्यायला लागतो. मी रात्रीची किती कामं सोडली ते मोजलं नाही. पण ज्या दिवशी हे लक्षात आलं, त्या दिवशी स्कूटर ‘हौस’च्या यादीतून निघून ‘गरज’च्या यादीत जाऊन बसली.

स्कूटरचं माहेर आमच्याकडे!

एक गंमत सांगू? स्कूटरचा आणि वर्ध्याचा जुना संबंध आहे. वर्ध्याचे जमनालाल बजाज हे सेठ बछराज यांच्या घरी दत्तक आलेले. त्याच बछराजांच्या नावाने 1945 मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झालं. सुरुवातीला परदेशी गाड्या आणून विकायच्या, पुढे आकुर्डीत कारखाना, आणि तेच आजचं बजाज ऑटो. पियाजिओबरोबरचा करार संपल्यावर 1972 मध्ये ‘चेतक’ आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मुलाच्या मुंजीच्या वेळी बुक केलेली स्कूटर त्याच्या कॉलेजच्या वेळी मिळाली, असे किस्से सांगणारे काका तुमच्याही ओळखीत असतीलच!

पण माझ्यासारखीच्या दृष्टीने खरा बदल झाला 1984 मध्ये. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर बिनगिअरची, बटनावर सुरू होणारी स्कूटर आणली. किक मारायला नको, गाडी तिरकी करायला नको, क्लचची कटकट नको. पुण्यातल्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून सुसाट निघाल्या, त्यामागे अशा गाड्यांचा मोठा वाटा आहे.

किंमत ऐका, पण शेवटपर्यंत!

शोरूममधला पहिला धडा : बोर्डावरची किंमत आणि खिशातून जाणारी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एक्स-शोरूम’वर एकरकमी वाहन कर, नोंदणी आणि विमा चढला की होते ‘ऑन-रोड’. त्यात सीट कव्हर, गार्ड, मॅट अशी वरात येते आणि शेवटी एखादी भलतीच ओळ. मी गेले त्या एका शोरूममध्ये ‘हँडलिंग’ नावाची रक्कम लावली होती. कशाची, विचारलं तर ‘सगळेच घेतात मॅडम’ एवढंच उत्तर! मी दुसरीकडे गेले. फंडा सोपा आहे. कोटेशन लेखी मागा, प्रत्येक ओळीचा अर्थ विचारा आणि किमान दोन ठिकाणी फिरा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीचे जुने आकडे घेऊन जाऊ नका.

विम्याकडे तर डोळे उघडे ठेवूनच बघा. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी! तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो आणि तो बहुतेकदा 1 वर्षाचाच मिळतो. ‘5 वर्षांचं टेन्शन नाही’ म्हणून निवांत राहिलात, तर दुसऱ्या वर्षी गाडी उघड्यावर. शिवाय मालकासाठी 15 लाखांचा अपघात विमा असतो, तोही नीट वाचा. आणि हो, विमा शोरूमकडूनच घ्यायला हवा असं काही नाही.

आता माझ्यासारख्यांचा प्रॉब्लेम. नोकरदाराला बँक पगाराची स्लिप मागते, फ्रीलान्सरकडे ती कुठून येणार? प्राप्तिकराची विवरणपत्रं दरवर्षी भरलेली होती, तीच कामाला आली. पैसे एकदम येतात आणि एकदम थांबतात, म्हणून मी सुरुवातीची रक्कम जास्त भरली आणि हप्ता असा ठेवला की, कोरड्या महिन्यातही देता येईल. 18 हप्ते. शेवटचा हप्ता भरला की काम संपत नाही बरं का! आरसी बुकवर बँकेचा बोजा असतो. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवून घ्यायचा, नाहीतर गाडी विकताना अडकता.

सेकंड हँडही बघितल्या. स्वस्तात मस्त गाडी मिळूही शकते, पण थकलेली चलनं आधी ऑनलाइन तपासा, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी स्वतःच्या नावावर झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका, आणि विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्या. ‘नाव नंतर करू’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

पेट्रोल की चार्जर?

चेतक 2020 मध्ये परत आली ती इलेक्ट्रिक होऊन. वर्ध्याची मुलगी म्हणून मन तिकडे ओढ घेत होतं. पण मी राहते तिसऱ्या मजल्यावर, पार्किंगमध्ये प्लग नाही आणि सोसायटीची परवानगी घरमालकाने आणायची. घर दर 11 महिन्यांनी बदलणाऱ्याने आधी प्लग शोधावा, मग गाडी. मी पेट्रोलची घेतली. तुमच्या पार्किंगमध्ये प्लग असेल किंवा बॅटरी काढून वर नेता येत असेल, तर हिशेब नक्कीच वेगळा होईल.

आठचा आकडा

गाडी दारात येण्याआधी लायसन्स. लर्निंग लायसन्सची परीक्षा 2021 पासून आधारच्या मदतीने घरी बसून देता येते. ते 6 महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सच्या टेस्टला 30 दिवस झाल्यावर जाता येतं. तिथे तो प्रसिद्ध आठचा आकडा! एक लक्षात ठेवा. बिनगिअरच्या गाडीवर टेस्ट दिलीत तर लायसन्सही बिनगिअरचंच मिळतं. मग मित्राची बुलेट फक्त फोटोपुरती.

125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना 2019 पासून ‘कंबाइंड’ ब्रेक असतात, म्हणजे डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. तरीही पहिल्या पावसात सांभाळून. रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा ब्रेक हळूहळू दाबायचा, वळणावर तर नाहीच.

आणि हेल्मेट. पुण्यात हेल्मेटवर वाद घालणं हा एक स्वतंत्र खेळ आहे, त्यात उतरू नका. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही लागतं. आयएसआय मार्क बघा, आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेलं पातेलं! माझी आई रोज फोनवर एकच सांगते, ‘हेल्मेट घालूनच निघजो, अन् हळू चालवजो वं.’ बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आरसीचा फोटो मागवला. त्यावर माझं नाव आहे. आमच्या घरात बाईच्या नावावर झालेली ही पहिली गाडी.

गर्दीत आणखी एक

सगळंच गुलाबी नाही. चांदणी चौकात अडकलेले असताना कळतं की, ज्या ट्रॅफिकला शिव्या द्यायच्या त्यात आता आपणही आहोत. रात्री बारालाही भरवशाची बस मिळाली असती, तर कदाचित ही गाडी आलीच नसती. म्हणून दिवसा सरळ रस्ता असेल तर मी अजूनही मेट्रोने जाते. स्कूटर आहे म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही तिच्यावरूनच जायचं, हे काही खरं नाही.

पण गेल्या महिन्यात रात्रीच्या प्रयोगाचं काम आलं, तेव्हा मी लगेच ‘हो’ म्हटलं आणि मग मानधन विचारलं. रात्री एक वाजता जंगली महाराज रस्ता रिकामा होता. सिग्नल लाल होता, मी थांबले होते. कोणाची वाट बघत नव्हते, एवढाच काय तो फरक.

तेव्हा घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या. पहिली सर्व्हिस चुकवू नका, वर्षभराने पीयूसी काढा, कागद डिजिलॉकरमध्ये ठेवा. हॅपी रायडिंग!