सर्व्हर कक्षासाठी अल्पखर्चिक पर्यावरण-संवेदक : रचना व उपयोजन

प्रस्तावना :
आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकच्या शेजारी, अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. आज ग्रामीण भागातील महाविद्यालये, पतसंस्था व रुग्णालये यांच्याकडेही स्वतःचे सर्व्हर असतात. मात्र त्यांच्या कक्षावर रात्रंदिवस लक्ष ठेवण्यास मनुष्यबळ नसते. प्रस्तुत लेखात कमी खर्चात ही देखरेख कशी करता येईल, याचा विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
वीज खंडित झाल्यावर यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात. परंतु वातानुकूलन यंत्र बहुधा यूपीएसवर नसते. म्हणजे उष्णता निर्माण होत राहते आणि ती बाहेर टाकणारी व्यवस्था बंद पडते. ४ × ३ × ३ मीटर कक्षात सुमारे ४१ किलो हवा असते. तिचे तापमान १ अंशाने वाढण्यास सुमारे ४२ किलोज्यूल ऊर्जा लागते. २ किलोवॅटचा भार ती २१ सेकंदांत पुरवतो. भिंती व सामान बरीच उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ मंद असते. तथापि हाती असणारा वेळ तासांचा नसून मिनिटांचा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

रचना :
तापमानासाठी डीएस१८बी२० हा अंकीय संवेदक पुरेसा आहे. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअस या टप्प्यात त्याची अचूकता ±०.५ अंश आहे. त्याच्या संदेशवाहिनीला ४.७ किलोओहमचा रोधक जोडावा लागतो. आर्द्रतेसाठी डीएचटी२२ वापरता येतो; त्याचे वाचन दोन सेकंदांपेक्षा लवकर घेऊ नये. दोन्ही संवेदक ईएसपी३२ या सूक्ष्मनियंत्रकास जोडावेत. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिला अत्यंत क्षीण संकेत टिपावयाचे असतात. म्हणून त्या परिसरात बिनतारी जोडणीऐवजी इथरनेट केबल व धातूची पेटी वापरणे इष्ट ठरेल.

मांडणी व पडताळणी :
संवेदक रॅकच्या पुढील बाजूस, जेथून सर्व्हर हवा आत घेतात तेथे बसवावा. वातानुकूलन यंत्राच्या झोतात बसवू नये. जलरोधक तापमान-संवेदक वितळत्या बर्फात ० अंश दाखवतो का, हे पाहावे. बंद डब्यात ओलसर मिठाच्या वर, मिठाचा स्पर्श होऊ न देता ठेवलेल्या आर्द्रता-संवेदकाने काही तासांनी सुमारे ७५ टक्के दाखवावेत.

इशारा :
अ‍ॅश्रे या संस्थेच्या शिफारशीनुसार सर्व्हरच्या तोंडाशी हवेचे तापमान १८ ते २७ अंश असावे. २७ अंशांस पहिला इशारा द्यावा आणि ३२ अंशांस कमी महत्त्वाचे सर्व्हर क्रमाने बंद करावेत. संवेदक व राउटर दोन्ही यूपीएसवर असावेत. इंटरनेट खंडित झाल्यास मोबाइल संदेशाची पर्यायी सोय असावी. ठरावीक वेळेत वाचन न आल्यास तोही इशाराच मानावा. कारण मुका संवेदक खोटा दिलासा देतो.

निष्कर्ष :
अशा उपकरणाचे सुटे भाग अल्प किमतीत मिळतात आणि पदविकेचा विद्यार्थीही ते जोडू शकतो. मात्र इशारा कोणी स्वीकारावयाचा व रात्री कक्षाची किल्ली कोणाकडे असावी, हे संस्थेने आधी ठरविले नाही, तर उत्तम संवेदकही निरुपयोगी ठरतो.