हळदीचे कुंकू होते तेव्हा

शाळेच्या दप्तरी जिचे नाव दाखल नाही आणि जिचे शिक्षण घरीच चालते, अशी आमची कन्या पावसाळ्यातील एका झाकोळलेल्या दुपारी ओट्यावर प्रयोगशाळा थाटून बसली असता, आजीच्या पानाच्या डब्यातील चुन्याची निवळी तिने हळदीच्या पाण्यात ओतली मात्र, तो पीतवर्ण द्रव पाहता पाहता तांबडा झाला. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळे राहते, परंतु अल्कलीच्या सान्निध्यात त्याचा रेणू हायड्रोजनचे आयन गमावून निराळ्याच रंगाचा प्रकाश शोषू लागतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो तो याच कारणाने. लिंबू पिळताच पिवळेपणा परतला, तेव्हा कन्येने रास्त हरकत घेतली : घाम जर किंचित आम्ल, तर कपाळावरचे हळदीचेच कुंकू पिवळे का पडत नाही? उत्तर कुंकवाच्या जुन्या कृतीतील टाकणखारात आहे. लिंबाच्या रसात तो कालवून त्यात हळकुंडे मुरवली, म्हणजे टाकणखारातील बोरॉन कुर्क्युमिनला जखडून ठेवतो, आणि हा लाल रंग आम्लातही टिकतो. (बाजारातील पुष्कळसे कुंकू हल्ली कृत्रिम रंगाचे असते, ही गोष्ट वेगळी.) पुढे हळदीत रंगविलेल्या धडप्यावर निवळीने काठ काढून तिने बाहुलीचे लुगडे केले, त्याच्या आसपास लिंबू आणण्यास तूर्त घरात सक्त मनाई आहे.