गाडी साफ करायला ‘हवेचा डबा’ वापरताय? त्या डब्यात हवा नसतेच!

एसीच्या जाळीत अडकलेली धूळ, गिअरच्या खाचेत सांडलेला वेफर्सचा चुरा, टचस्क्रीनच्या कडेला बसलेली माती. फडका तिथे पोचत नाही आणि व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आत शिरत नाही. अशात एखादं रील समोर येतं. त्यातला माणूस हातात स्प्रेसारखा डबा घेतो, त्याला एक बारीक नळी लावतो, फुस्स करतो आणि डॅशबोर्ड शोरूममधून नुकताच आणल्यासारखा चकाचक होतो. खाली कमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, “लिंक द्या ना!”

या डब्याला एअर डस्टर म्हणतात. काही जण कॉम्प्रेस्ड एअर, म्हणजे दाबून भरलेली हवा, असंही म्हणतात. खरी गडबड या दुसऱ्या नावातच आहे.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमध्ये खरोखरची हवा असते. बहुतेक डब्यांत मात्र दाबाखाली द्रवरूप केलेला वायू भरलेला असतो. डबा हलवला की आत पाण्यासारखं डुचमळतं, ते हेच. बऱ्याच डब्यांत डायफ्लुरोइथेन असतं, ज्याला एचएफसी-१५२ए असंही म्हणतात. हा वायू साधारण उणे २५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे बटण दाबून बाहेर सुटला की लगेच त्याचा वायू होतो आणि जोरात फवारा बसतो. त्याला रंग नाही, वासही अगदी पुसट. पण तो पेट घेतो, आणि अगदी सहज पेट घेतो.

हवेत याचं प्रमाण साधारण ४ टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. आता थोडा हिशोब करून पाहा. ३०० ग्रॅमचा डबा पूर्ण रिकामा केला तर त्यातून जवळपास ११० लिटर वायू बाहेर पडतो. मध्यम आकाराच्या गाडीत साधारण ३ हजार लिटर हवा मावते असं धरलं, तर हे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे सगळा डबा संपवूनही आपण जेमतेम सीमेवरच आहोत, असं वाटेल.

तसं नाही. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड असतो. तो गाडीभर सारखा पसरत नाही, खाली उतरतो. पायाशी, सीटखाली, कन्सोलच्या कप्प्यांत साचतो. तिथे धोक्याचं प्रमाण गाठायला पूर्ण डबा लागत नाही. शिवाय गाडीत ठिणग्यांना काय कमी? ब्लोअरची मोटर, सेंट्रल लॉकचे रिले, लायटरचं सॉकेट, आणि कुणी सिगारेट पेटवली तर मग विचारायलाच नको.

डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स शहरात असाच प्रकार घडला. एकाने गाडीत एअर फ्रेशनर मनसोक्त फवारला, काचा न उघडताच सिगारेट पेटवली आणि गाडीचा स्फोट झाला. काचा उडाल्या, दरवाजे वाकले. तो माणूस किरकोळ जखमांवर वाचला, हे नशीबच. तिथे एअर डस्टर नव्हता, पण गोष्ट तीच होती: बंद गाडी, पेट घेणारा वायू आणि एक ठिणगी. हा वायू जळला की हायड्रोजन फ्लोराइड नावाचा विषारी वायूही तयार होतो, तो वेगळाच.

दुसरा धोका डबा वापरून झाल्यावर सुरू होतो. काम झालं की डबा ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकला जातो, “पुढच्या वेळी लागेल” म्हणून. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका. तेवढं वाचतो कोण!

अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये संशोधकांनी ३८ अंशांच्या वर पारा असलेल्या दिवसांत गाड्या उन्हात उभ्या करून मोजमाप केलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभरात गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर. आता मे महिन्यातलं चंद्रपूर किंवा नागपूर आठवा, जिथे सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो. २० अंशांना डब्यात जेवढा दाब असतो, त्याच्या दुपटीहून जास्त दाब ५० अंशांना होतो. आणि “अर्धा तर संपलाय” हा दिलासाही खोटा आहे. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब कमी होत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ड्राय शाम्पूचा डबा फुटला. कन्सोलचं झाकण उखडून तो सनरूफ फोडून बाहेर गेला आणि जवळपास ५० फुटांवर जाऊन पडला. गाडीत कुणी नव्हतं. डिओडरंट, मच्छर मारायचा स्प्रे, चेन ल्यूबचा डबा, यांनाही हाच नियम लागू होतो.

तिसरा धोका श्वासाचा. बंद जागेत हा वायू ऑक्सिजनची जागा घेतो, डोकं गरगरायला लागतं. पण त्याहून गंभीर म्हणजे तो जास्त प्रमाणात आत गेला तर हृदय ॲड्रेनालिनला नको तितकं संवेदनशील होतं. अशा वेळी जरा दचकायला झालं किंवा पळापळ झाली, तरी हृदयाचा ठोका बिघडून माणूस जागीच कोसळू शकतो. १९७० मध्ये मिलार्ड बास या अमेरिकन डॉक्टरने वेगवेगळे वायू हुंगल्यामुळे झालेले असे ११० मृत्यू नोंदवले होते.

अमेरिकेत नशेसाठी हे डबे हुंगले जातात. ३ नोव्हेंबर २०१८ ला विस्कॉन्सिनमधल्या लेक हॅली इथे गर्ल स्काउट्सच्या मुली रस्त्याकडेचा कचरा उचलत होत्या. एअर डस्टर हुंगलेल्या एका तरुणाचा पिकअप ट्रक त्यांच्यावर गेला. तीन मुली आणि एका मुलीची आई गेली. त्या तरुणाला २०२० मध्ये ५४ वर्षांचा तुरुंगवास सुनावण्यात आला. कुणी हुंगू नये म्हणून कंपन्या यात कडू द्रव्य मिसळतात, पण नशा करणारे त्याने थांबलेले नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जुलै २०२४ मध्ये, असा वायू १८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेल्या डस्टरवर बंदीचा प्रस्ताव मांडला. १८ मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

मग गाडी साफ करायची कशी? खरं तर या डब्याची गरजच पडत नाही. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा, रंगकामाचा मऊ ब्रश किंवा चार्जिंगवर चालणारा छोटा ब्लोअर, यांत एसीची जाळी व्यवस्थित निघते. ब्रशने धूळ उडवायची आणि शेजारी व्हॅक्यूमची नळी धरायची.

डबा वापरायचाच असेल तर गाडी सावलीत आणि बंद हवी, किल्ली काढलेली, चारही दरवाजे उघडे. डबा उभा धरून थोडं थोडं फवारायचं. आडवा किंवा उलटा धरला तर द्रव बाहेर येतो, त्याने बोटांची कातडी गोठते आणि गार पडलेल्या प्लास्टिकला तडा जाऊ शकतो. काम झाल्यावर दरवाजे बराच वेळ उघडे ठेवा आणि मगच किल्ली फिरवा. डबा घरात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

आणि फवारताना कुणाला गरगरलं, छातीत धडधडलं, तर त्याला मोकळ्या हवेत आणून शांत बसवा. चालायला, पळायला लावू नका, भोवती आरडाओरडा करू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.