जकात आणि मानवतावाद : इचलकरंजीच्या निमित्ताने

मानवतावाद म्हणजे दया किंवा परोपकार, असा सोपा अर्थ वर्गात सांगितला जातो. नीतिशास्त्रातील अर्थ अधिक नेमका आहे : संकटातील माणसाला मदत करताना त्याचा धर्म, जात वा पक्ष न पाहता केवळ गरज पाहावी. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणभूमीवरील जखमी पाहून आँरी द्युनां यांनी हाच विचार मांडला व त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली.

धर्मशास्त्र आणखी एक प्रश्न विचारते : मदत हा कोणाचा हक्क आहे? सदका कोणत्याही गरजूला देता येतो. जकातीचे तसे नाही. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत. बहुसंख्य फकीहांच्या मते गरिबांचा हा वाटा मुस्लिम गरिबांचा आहे. शिवाय हनफी फिकहनुसार ‘तमलीक’ आवश्यक, म्हणजे रक्कम हक्कदाराच्या मालकीची व्हावी लागते.

निपाणीहून फार दूर नसलेल्या, यंत्रमागांच्या इचलकरंजीत हा प्रश्न प्रत्यक्षात आला. २०२० च्या करोनाकाळात रमजानमध्ये तेथील मुस्लिम समाजाने जकात व देणग्यांतून ३६ लाख रुपये जमवून आयजीएम या सार्वजनिक रुग्णालयाला दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. २५ मे रोजी, ईदच्या दिवशी, त्याचे उद्घाटन झाले. त्या खाटा सर्वधर्मीय रुग्णांसाठी होत्या.

तमलीकचा आक्षेप येथे संकुचित म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. ती अट नसती तर गरिबाचा वाटा इमारतींतच जिरला असता. (तसे होतेही.) परंतु दुसरी बाजूही कुरआनातच आहे. सूरह दहरमध्ये गरीब आणि अनाथ यांच्या सोबतीने कैद्यालाही अन्न देण्याचा उल्लेख येतो, तोही आभाराची अपेक्षा न ठेवता. कैदी हा बहुधा शत्रुपक्षाचा. सूरह बकरहची २७२ वी आयत मुस्लिमेतरांना दान देण्याच्या संदर्भात अवतरली, असे अनेक भाष्यकार नोंदवतात.

व्यवहारात अनेक संस्था यंत्रे व इमारतीसाठी सदका आणि इमदाद वापरतात, तर जकात हक्कदार रुग्णाच्या हाती देतात किंवा त्याच्या संमतीने त्याचे बिल भरतात. मच्छेसारख्या कारखानदारीच्या गावात विविध धर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. तेथील शिक्षकाने हे दोन हिशेब फळ्यावर शेजारीशेजारी मांडावेत आणि कोणत्या खात्यातून खाट घ्यावी, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.