पीटर ॲडकिसन : खेळ मागणारा माणूस

पत्त्यांचा कॅट म्हटला की ५२ पानं. पिसायचं कुणी, वाटायचं कुणी यावरून भांडणं होतात. पानं कोणती, यावरून कधीच होत नाहीत. बदाम सात असो की मेंढीकोट, सगळे एकाच कॅटमधून खेळतात. १९९३ साली अमेरिकेत असा एक खेळ आला की ज्यात प्रत्येकाने आपला कॅट घरून बांधून आणायचा. समोरच्याने टाकलेलं पान तुम्ही जन्मात पाहिलेलं नसेल, असंही होऊ शकतं. हा खेळ म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. तो रचला रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने, आणि त्याचं श्रेय त्यांना मिळालंही. मला सांगायचं आहे ते हा खेळ मागून घेणाऱ्या माणसाबद्दल.

पीटर ॲडकिसन सिॲटलच्या परिसरात बोइंग कंपनीत नोकरी करत होते आणि बऱ्याच वर्षांपासून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाचे, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत साहसकथा घडवायच्या खेळाचे, खेळाडू होते. १९९० मध्ये त्यांनी मित्रांना घेऊन घराच्या तळघरात ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ही कंपनी काढली. हे नावही खेळातलंच, त्यांच्या डावातल्या जादूगारांच्या एका संघाचं. नोकरी चालू, आणि संध्याकाळी कंपनी.

१९९१ मध्ये गारफिल्ड त्यांना पोर्टलंडला भेटले. त्यांच्याकडे ‘रोबोरॅली’ नावाचा पटावरचा खेळ तयार होता. ॲडकिसनना तो आवडला, पण पट आणि भरपूर सुटे भाग बनवून घेण्याएवढा पैसा त्यांच्याकडे नव्हता. नुसता नकार देऊन ते मोकळे झाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी आपल्याला काय हवं ते सांगितलं. खेळप्रेमींच्या संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोक रेंगाळत असतात. तेवढ्यात पटकन खेळून होईल, खिशात मावेल आणि छापायला स्वस्त पडेल असं काही द्या. अशा संमेलनात स्वतः ताटकळलेल्या माणसालाच ही मागणी सुचू शकते. थोड्याच दिवसांत गारफिल्ड ‘मॅजिक’ची कल्पना घेऊन आले.

मधल्या काळात कंपनी बुडण्याची वेळ आली होती. ‘विझर्ड्स’चं ‘द प्रायमल ऑर्डर’ हे पुस्तक १९९२ मध्ये निघालं. देवदेवतांचे नियम देणारं हे पुस्तक कोणत्याही भूमिका-खेळाला जोडता यावं, म्हणून त्यात इतर कंपन्यांच्या खेळांशी मेळ कसा घालायचा हे दिलं होतं. त्यावरून ‘पॅलेडियम बुक्स’ने दावा ठोकला. ‘मॅजिक’ या खटल्याच्या तावडीत सापडू नये म्हणून त्याचे हक्क ‘गारफिल्ड गेम्स’ या वेगळ्या कंपनीत ठेवावे लागले. खेळनिर्माते माइक पॉन्डस्मिथ यांनी मध्यस्थी केली आणि तडजोड झाली. हा खटला लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

‘मॅजिक’च्या चित्रकारांना द्यायला पुरेसे पैसे नव्हते, तेव्हा मोबदल्याचा काही भाग शेअरच्या रूपात दिला गेला. पानं छापली बेल्जियममधल्या कार्टा मुंडी कारखान्यात, पहिल्या खेपेला २६ लाख. पान साध्या पत्त्याएवढंच, ६३ बाय ८८ मिलिमीटर. वर नाव, कोपऱ्यात ते खेळण्याची किंमत, मध्ये चित्र आणि खाली त्या पानापुरता नियम. वापरलेलं पान आडवं करून ठेवायचं, म्हणजे कुणाची किती ताकद खर्ची पडली ते टेबलावर नजर टाकताच कळतं. पहिल्या खेपेच्या पानांचे कोपरे पुढच्या खेपांपेक्षा जास्त गोल कापले गेले. संग्राहक आज त्यावरूनच ती ओळखतात.

खेळ दुकानात येण्याआधी ॲडकिसन स्वतः गाडी घेऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या दुकानांतून फिरले, काउंटरवर पानं मांडून दुकानदारांशी डाव खेळले. ऑगस्ट १९९३ मध्ये मिलवॉकीच्या ‘जेन कॉन’ संमेलनात तर झुंबड उडाली. वर्षअखेरपर्यंत पुरेल म्हणून छापलेला साठा काही आठवड्यांतच संपला. पुढच्याच वर्षी ‘फॉलन एम्पायर्स’ हा संच गरजेपेक्षा फार जास्त छापला गेला आणि दुकानांत पडून राहिला. मागणीचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकला होता.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढणारी टीएसआर कंपनी १९९७ पर्यंत कर्जात पार बुडाली होती. दुकानांतून पुस्तकांचे गठ्ठे परत येत होते, छापखान्याची बिलं थकली होती, नवीन काही बाहेर पडत नव्हतं. ‘विझर्ड्स’ने ती विकत घेतली. ज्या खेळावर आपण वाढलो तो खेळ वाचवायला मालक म्हणून जाणं, हा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती २००० मध्ये आली. तोवर चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा लहान, अशी उलटी पद्धत होती. नवा खेळाडू तिथेच अडखळायचा. आता मोठा आकडा म्हणजे चांगलं, आणि जवळजवळ प्रत्येक निर्णयासाठी एकच वीस बाजूंचा फासा. त्याच वर्षी ‘ओपन गेम लायसन्स’ हे परवानापत्र आलं. कंपनीतल्या रायन डॅन्सी यांनी ते पुढे रेटलं आणि ॲडकिसननी त्यांना पाठबळ दिलं. खेळाचे मूळ नियम घेऊन त्यावर कुणीही आपलं पुस्तक काढावं, विकावं, आणि स्वामित्वशुल्क देऊ नये. इतरांच्या खेळांशी मेळ घातला म्हणून आठ वर्षांपूर्वी ज्याची कंपनी मरता मरता वाचली, त्याच्या कारकिर्दीत या धंद्यातला सर्वांत मोठा खेळ इतरांना खुला झाला. मला हा योगायोग वाटत नाही.

त्याआधी, १९९९ च्या आरंभी ‘विझर्ड्स’ने ‘पोकेमॉन’ची पानं इंग्रजीत आणली, आणि त्याच वर्षी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने सुमारे ३२.५ कोटी डॉलरना ‘विझर्ड्स’ विकत घेतली. ॲडकिसन पुढे फार काळ तिथे राहिले नाहीत.

२००२ मध्ये त्यांनी ‘जेन कॉन’च विकत घेतलं. १९६८ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी अमेरिकेतल्या लेक जिनीव्हा गावात सुरू केलेलं हे संमेलन २००३ पासून इंडियानापोलिसला भरतं. २००८ मध्ये ‘जेन कॉन’च्या कंपनीला न्यायालयात दिवाळखोरीपासून संरक्षण मागावं लागलं. वर्षभरात ती सावरली. २०२३ मध्ये तिथे ७०,००० हून अधिक लोक आले.

त्याच वर्षाच्या आरंभी ‘विझर्ड्स’ने ते जुनं परवानापत्र बदलण्याचा घाट घातला. ॲडकिसन कंपनी सोडून दोन दशकं लोटली होती. खेळाडू आणि छोटे प्रकाशक खवळून उठले, अनेकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली. काही आठवड्यांतच कंपनीने माघार घेतली आणि खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे खुले केले. ते आता कुणालाही परत घेता येणार नाहीत.