फाटकापर्यंतचा डांबरी रस्ता

शहराबाहेर थोडी जमीन घेऊन तेथे लहानसे घर बांधण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. कर्जत, मुळशी, वाडा, इगतपुरी या परिसरात अशी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. घराच्या आराखड्यावर, खिडक्यांच्या दिशांवर, अंगणातील फरशीवर महिनोन् महिने खल होतो. सार्वजनिक रस्त्यापासून फाटकापर्यंतचा दोन-अडीचशे मीटरांचा तुकडा मात्र शेवटी उरलेल्या पैशांत उरकला जातो. हा रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो, जिल्हा परिषदेचा नसतो आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दप्तरातही त्याची नोंद नसते. तो उखडला, तर तक्रार घेऊन जाण्यासाठी कोणतीच कचेरी उपलब्ध नसते.

कर्जत तालुक्यातील आमच्या सात घरांचा सामाईक रस्ता २४० मीटर लांब व तीन मीटर रुंद आहे. पहिल्या वेळी आम्ही तो ऐन मे महिन्यात केला. कंत्राटदाराने मुरूम पसरून त्यावर रोलर फिरवला, थोडी खडी टाकली आणि वर डांबरी कारपेट अंथरून दिले. रस्ता काळाभोर, गुळगुळीत दिसत होता; आम्ही नारळ फोडला, पेढेही वाटले. रस्त्याच्या तोंडाशी भातशेती असलेल्या वयोवृद्ध शेतकऱ्याने तेवढे विचारले होते, "साहेब, वरच्या माळाचं पाणी कुठून काढणार?" त्यावर "निघून जाईल की, काका," असे उत्तर कंत्राटदाराने दिले आणि आम्हीही ते ऐकून घेतले. ऑगस्टमधील एका रात्री शेजारच्या निवृत्त शिक्षकांच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका सखल भागातील खचलेल्या खड्ड्यापाशी थांबली. वेताच्या खुर्चीत बसवून त्यांना घोटाभर चिखलातून तेथवर न्यावे लागले. गुरुजी बचावले. पुढच्या हिवाळ्यात आम्ही रस्ता खणून काढला आणि पुन्हा नव्याने केला. या लेखातील बरीचशी माहिती त्या दुसऱ्या खेपेची कमाई आहे.

रस्त्याचे बळ डांबरात असते, हा सर्वांत मोठा गैरसमज. मुळात आपण ज्याला डांबर म्हणतो ते दोन निरनिराळ्या पदार्थांचे नाव आहे. पूर्वी दगडी कोळशापासून मिळणारे टार वापरले जाई. आज रस्त्यावर पडते ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारे बिटुमेन. मराठीत दोन्ही डांबरच. ग्रामीण रस्त्यावर त्याचा थर अवघा दोन सेंटिमीटरचा असतो. तो खडीला बांधून ठेवतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. गाडीचा भार पेलणे हे त्याचे काम नव्हे. तो भार खालची खडी पसरवते आणि अखेरीस जमीन पेलते. जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हाच विचार मांडला. जमीन कोरडी राखली तर तीच वाहतुकीचा भार वाहते, खडीचा थर हे तिच्यावरचे छप्पर, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार आहे. त्याचा समकालीन टॉमस टेलफर्ड मात्र तळाशी मोठे दगड हाताने रचून घेई. आपल्याकडील 'सोलिंग' ही टेलफर्डची परंपरा, तर त्यावरील बारीक खडी मॅकॅडमची. गावोगावच्या मुकादमांनी या दोघांचा समेट केव्हाच घडवून आणला आहे.

म्हणून पहिला प्रश्न जमिनीचा. कठीण मुरूम किंवा जांभा लागला, तर निम्मे काम निसर्गानेच केले असे समजावे. काळी माती असेल, तर मात्र सावध राहावे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते व भेगाळते. तिच्या या हालचालीबरोबर वरचा डांबरी थरही फाटतो. मोठ्या कामांत अशा मातीत वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना मिसळून ती स्थिर करतात. खासगी रस्त्यावर ती काही खोलीपर्यंत काढून टाकणे व तेथे चांगला मुरूम थराथराने दाबून भरणे अधिक सोयीचे ठरते. आमच्या सखल भागात भातखाचराची चिकण माती निघाली. ती ४५ सेंटिमीटरपर्यंत उकरून काढावी लागली. पहिल्या कंत्राटदाराने तिच्यावरच मुरूम अंथरला होता. मुरूम हे गौण खनिज असल्याने तो आपल्याच जमिनीतून काढतानाही महसूल खात्याचे नियम तपासून घ्यावेत. विकत घेतला, तर वाहतुकीचा परवाना पाहून पावती जपून ठेवावी.

आता पाणी. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे आपण भूगोलात वाचलेले असते. पण तो आपल्या रस्त्यावर कसा येतो, याचा हिशेब कोणी करीत नाही. वरच्या अंगाला एक हेक्टर उतार आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, असे धरा. तेवढ्या एका तासात पाच लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. जमीन भिजून तुडुंब झालेली असली की यातले बहुतेक पाणी उतारावरून खाली येते, आणि त्याच्या वाटेत आपण आडवा बांध घातल्यासारखा रस्ता बांधलेला असतो. पाणी खडीच्या थरात शिरले की जमीन मऊ होते. वरून गाडी गेली की दाबाखालचे पाणी खडीवरील डांबराचा लेप सोलून काढते. रस्त्याला पडणारा खड्डा हा बहुधा असा खालून वर आलेला असतो.

यावर उपाय तीन आणि तिघेही एकत्रच हवेत. रस्त्याची पाठ मधोमध उंच हवी. तीन मीटर रुंदीच्या रस्त्याला तीन टक्के उतार द्यायचा, तर मध्यभाग कडांपेक्षा साडेचार सेंटिमीटर उंच येतो. दोरी ताणून तो कोणालाही मोजता येतो. दुसरे, वरच्या अंगाला गटार हवे आणि त्याचा तळ खडीच्या सर्वांत खालच्या थराहूनही खाली हवा. नुसती चर ओढून भागत नाही. तिसरे, पाणी रस्ता ओलांडते तेथे मोरी हवी. आम्ही ९०० मिलिमीटर व्यासाचे सिमेंटचे पाइप घातले. इतके मोठे कशाला, अशी कुरबूर झाली. परंतु लहान पाइपात पालापाचोळा व फांद्या अडकतात आणि आत माणूस शिरू शकत नसल्याने तो साफही होत नाही. पाइप कोठे टाकावा, हे मात्र आम्ही त्या शेतकरी काकांनाच विचारले. त्यांनी काठीने दाखवलेली जागा आमच्या अभियंत्याच्या खुणेपासून सहा-सात मीटर दूर होती. पाइप काकांच्या जागीच पडला.

यानंतर खडीकरण. १५ सेंटिमीटर दाबलेल्या मुरमावर ७५ मिलिमीटरचे दोन थर आम्ही दिले. येथे ध्यानात ठेवायचे ते हे, की ७५ मिलिमीटर ही रोलर फिरल्यानंतरची जाडी असते. त्यासाठी सैल खडी साधारण १०० मिलिमीटर पसरावी लागते. आमच्या ७२० चौरस मीटरांना एका थरासाठी २३ ते २७ ब्रास खडी लागते, असा हिशेब येतो. खडी आधी कोरडीच दाबायची, मग बारीक कच भरायची, मग पाणी मारून पुन्हा रोलर. रोलर नेहमी कडेकडून मध्याकडे यायला हवा. थर पुरेसा दाबला गेला की नाही, याची जुन्या मुकादमांची एक परीक्षा फार सुंदर आहे. रोलरपुढे खडीचा एक तुकडा ठेवायचा. तो चिरडला तर काम झाले. खाली रुतला तर अजून फेऱ्या हव्यात. या परीक्षेला ना प्रयोगशाळा लागते ना शुल्क.

डांबराच्या बाबतीत दरपत्रकात 'कारपेट व सीलकोट' एवढेच लिहिलेले असते. ते पुरेसे नाही. वीस मिलिमीटरच्या कारपेटला दहा चौरस मीटरमागे १४.६ किलो डांबर आणि वरच्या सीलकोटला, प्रकारानुसार, ६.८ ते ९.८ किलो डांबर लागते, असे प्रमाण सरकारी विनिर्देशांत ठरलेले आहे. आमच्या रस्त्यासाठी हिशेब केला, तेव्हा कमीत कमी दीड टन डांबर लागेल असे निघाले. पिंपांच्या भाषेत जवळपास दहा पिंपे. कारपेटची बारीक खडी सुमारे सात ब्रास. पहिल्या वर्षी किती पिंपे आली होती, हे आठवण्याचा आम्ही सातही जणांनी प्रयत्न केला. पाचाच्या वर कोणाचाही आकडा गेला नाही. तेव्हा पिंपे उतरताना मोजावीत, रिकामी होतानाही मोजावीत आणि दर चौरस मीटरवर ठरवताना वापरायच्या मालाचे वजन करारात लिहून घ्यावे. डांबराचा प्रकारही लिहावा. पूर्वी '८०/१००', '६०/७०' अशी प्रतवारी होती; २००६ मध्ये भारतीय मानक बदलले आणि 'व्हीजी-१०', 'व्हीजी-३०' अशी चिकटपणावर आधारलेली नावे आली. आपल्या हवामानात सामान्यतः 'व्हीजी-३०' योग्य. तेल कंपन्या डांबराचे दर पंधरवड्याने बदलतात. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या दरपत्रकावर अडून बसण्यात अर्थ नसतो. असा आग्रह धरला की दर तोच राहतो आणि डांबर कमी होते.

काम हिवाळ्यात करावे. जमीन वाळलेली असते आणि घाई करायला पाऊस डोक्यावर नसतो. खडीचा पृष्ठभाग ब्रशने झाडून धूळ काढणे हे सर्वांत कंटाळवाणे व म्हणूनच सर्वांत टाळले जाणारे काम. धुळीवर ओतलेले डांबर धुळीलाच चिकटते, खडीला नव्हे. त्यानंतर पातळ इमल्शनचा प्राइमकोट मारून तो किमान एक दिवस मुरू द्यावा. 'व्हीजी-३०' डांबर १५० ते १६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे असते. पिंपाखाली लाकडे धडाधडा पेटवून त्यातून निळसर धूर निघू लागला, की डांबर जळू लागले असे समजावे. जळलेले डांबर ठिसूळ होते आणि वर्षभरात पापडासारखे तुटते. मिश्रण फार थंड झाल्यावर पसरले, तर ते दाबलेच जात नाही. रोलरची शेवटची फेरी मिश्रण ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी संपायला हवी. एक साधा तापमापक कंत्राटदाराच्या मुकादमापेक्षा अधिक खरे बोलतो. डांबर पातळ करण्यासाठी डिझेल ओतताना कोणी दिसला, तर तेथेच काम थांबवावे. त्यात भिडस्तपणा नको.

खासगी रस्त्यावरून दिवसाला दहा-वीस मोटारी जातात, त्याला काय होणार, असे वाटते. मोटारींमुळे खरोखरच फारसे काही होत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ताचाचणीतून असे दिसले, की आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी साधारण सोळा पट होते. दहा पट भाराला हे प्रमाण दहा हजार पटींवर जाते. म्हणजे पाण्याचा एक भरलेला टँकर वर्षभराच्या मोटारींचे काम एका फेरीत करून जातो. कोणाचे बांधकाम शिल्लक असेल, तर त्याच्या विटा-वाळूच्या गाड्या संपेपर्यंत खडीकरणावरच थांबावे व डांबर पुढच्या हंगामात घालावे. आमच्यापैकी एकाचे घर अर्धवट होते. त्याच्यासाठी एक वर्ष थांबायचे की नाही, यावर झालेली बैठक रात्री अकरापर्यंत चालली. अखेर थांबलो.

डांबर सर्वत्र शोभते असेही नाही. दहास एक यापेक्षा तीव्र चढ, वर्षभर ओलसर राहणारी दाट सावली, वारंवार पाणी तुंबणारी जागा येथे काँक्रीटच बरे. चढाच्या चाळीस मीटरांत आम्ही तेच केले. एकट्या घराचा रस्ता असेल, तर चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या व मध्ये गवत हाही उत्तम आणि स्वस्त पर्याय आहे. तो पाहुण्यांवर छाप पाडत नाही, एवढेच.

एक गोष्ट खरे तर प्रथम सांगायला हवी होती. पैसा घालण्यापूर्वी रस्त्याखालची जमीन कोणाची, हे कागदावर पाहावे. तोंडी परवानगीवर केलेला रस्ता जमीन विकली गेली की वादात सापडतो. शेताच्या बांधावरून वाट मिळण्याच्या दाव्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, तर असलेली वाट अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे जाता येते. सामाईक रस्ता असेल, तर खर्चाची वाटणी आणि देखभालीची वर्गणी यांचा लेखी करार करावा. शेवटच्या घराने जास्त द्यावे की सर्वांनी समान, हा प्रश्न रस्त्याच्या उताराइतकाच निसरडा आहे.

देखभाल थोडी, पण दरवर्षी लागते. कमी रहदारीचा डांबरी थर उन्हाने व हवेने कडक होत जातो. त्याला बारीक भेगा पडू लागल्या की त्या पावसाळ्याआधी भरून घ्याव्यात. लहान खड्ड्यांसाठी पिशवीतून मिळणारे थंड मिश्रण चालते. कडा तुटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या मुरमाच्या साइडपट्ट्या डांबराला भिडलेल्या, पण किंचित खाली ठेवाव्यात, नाहीतर त्याच पाणी अडवतात. आमच्याकडे मेच्या शेवटच्या रविवारी सातही घरांतील माणसे फावडी घेऊन गटार उपसतात, मोरीतील पाला काढतात. गेल्या पावसाळ्यात टँकरच्या चाकाखाली डाव्या कडेचा हातभर तुकडा निघाला. तेथे मुरूम भरला आहे, डांबर नोव्हेंबरात घालायचे ठरले आहे.